यथार्थदर्शन वर्ग आणि मधली बाल्कनी

पाणीपुरवठा खात्याच्या नकाशा विभागातून काका निवृत्त झाले त्याला आठ महिने झाले होते आणि तेवढ्या काळात काकूंचं वजन तीन किलोंनी उतरलं होतं. कारण काका घरी बसले होते. नुसते बसले असते तर काही बिघडलं नसतं. पण ज्या माणसानं चौतीस वर्षं जमिनीखालून जाणारे नळ मिलिमीटरच्या मापात कागदावर उतरवले, त्याला नुसतं बसणं जमायचं कसं. पहिल्या महिन्यात त्यांनी भिंतीवरच्या तसबिरी सरळ केल्या. दुसऱ्या महिन्यात स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले, त्यामुळे साखर आणि कपडे धुण्याची पावडर शेजारी-शेजारी आली आणि एकदा चहाला फेस आला. आठव्या महिन्यात काकू भाजी चिरत असताना ते मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हे तुकडे एकसारखे नाहीत."

काकूंनी विळी बाजूला ठेवली, हात पुसले आणि सुनेला फोन लावला.

"ह्यांना कुणाला तरी काहीतरी शिकवायला लाव गं," त्या म्हणाल्या. "म्हणजे मला शिकवायचं थांबवतील."

सून संगणकाच्या एका कंपनीत कामाला होती आणि सासऱ्यांवर तिचा जीव होता, कारण ती स्वतः कधी भाजी चिरत नसे. शनिवारी ती एक जुना लॅपटॉप, एक काळी प्लास्टिकची पाटी आणि त्या पाटीवर चालणारं पेन घेऊन आली. लॅपटॉपमध्ये चित्र काढायला शिकवणारा एक प्रोग्रॅम होता. पाटीवर आपण एखादं खोकं काढायचं. मग तो प्रोग्रॅम खोक्याच्या कडा लांबवर वाढवत नेऊन त्या एका बिंदूत मिळतात की नाही ते तपासायचा, चुकलेली रेघ लाल करायचा आणि शंभरपैकी गुण द्यायचा. शिवाय आतून एक बाई गोड आवाजात बोलायची. रेघ कितीही वेडीवाकडी गेली तरी ती म्हणायची, "छान प्रयत्न. पुन्हा करून पाहा."

"बाबा, तुम्ही इमारतीतल्या लोकांना पर्स्पेक्टिव्ह शिकवा," सून म्हणाली. "लांबची वस्तू लहान कशी दिसते, रस्ता निमुळता कसा होत जातो, ते. सराव हा करून घेईल. तुम्ही फक्त समजावून सांगायचं."

काकांना कल्पना एकदम पटली. फक्त शब्द पटला नाही. खात्यातल्या प्रत्येक नकाशावर त्यांनी शुद्ध मराठीत मथळे घातले होते. आता उतारवयात पर्स्पेक्टिव्ह म्हणायला ते तयार नव्हते. त्यांनी शब्दकोश काढला आणि दुसऱ्या दिवशी जिन्याखालच्या फलकावर सुंदर तिरप्या अक्षरांत सूचना लागली: 'यथार्थदर्शन वर्ग. नवशिक्यांसाठी. पंधरा दिवसांत आपली दृष्टी बदलेल. सोबत पेन्सिल, खोडरबर आणि मोकळं मन आणावे.' मोकळं मन ही सुनेची भर होती. त्यातूनच पुढचा घोटाळा झाला, पण तो सांगण्याआधी सेक्रेटरींबद्दल सांगायला हवं.

वर्गाला जागा म्हणजे तळमजल्यावरचा सोसायटीचा हॉल, आणि हॉलची किल्ली सेक्रेटरींकडे. इमारतीत काकांना पाठीमागे 'मोजपट्टी' म्हणत. हे नाव सेक्रेटरींनीच ठेवलं होतं, असं काकांना खात्रीनं वाटे. सेक्रेटरींनी तीन प्रतींत अर्ज मागितला. अर्जात 'कार्यक्रमाचा प्रकार' ह्या रकान्यात चार चौकोन होते: शैक्षणिक, सांस्कृतिक, क्रीडा, शोकसभा.

"शैक्षणिक," काका म्हणाले.

"मग शिक्षक असल्याचं प्रमाणपत्र जोडावं लागेल, काका."

"बरं, सांस्कृतिक."

"मग आवाज ठराविक मर्यादेत ठेवण्याचं हमीपत्र. शेजारच्या दोन इमारतींच्या सह्यांसकट."

"अहो, पेन्सिलीचा कसला आवाज?"

"नियम पेन्सिलीला वेगळा नाही," सेक्रेटरी म्हणाले आणि त्यांनी चष्मा पुसायला घेतला. सेक्रेटरी चष्मा पुसायला लागले की विषय संपला असं समजायचं असे.

काकांनी शोकसभेच्या चौकोनाकडे क्षणभर विचारपूर्वक पाहिलं. मग क्रीडेवर खूण केली, कारण क्रीडेला काहीच जोडावं लागत नव्हतं. परवानगीचं पत्र दोन दिवसांत आलं: 'क्रीडा प्रकार: यथार्थदर्शन. अट: खेळाडूंनी हॉलमध्ये रबरी तळव्याचे बूट घालावेत.' त्यामुळे पुढे वर्ग चालला तोवर आमच्या ह्या कथेतली सगळी मंडळी पांढरे कॅनव्हासचे बूट घालून खोकी काढत होती, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं. फोटोत ते फार विचित्र दिसतं.

दरम्यान सल्ल्यांचा ओघ सुरू झाला. पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी उजेड डाव्या बाजूनंच यायला हवा असं बजावलं, आणि हॉलला डाव्या बाजूला खिडकी नाही म्हटल्यावर विद्यार्थ्यांनाच उलटं बसवा म्हणाले. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी खोक्यांऐवजी फळांपासून सुरुवात करा असं सांगितलं. फळं नंतर खाता येतात, हा त्यांचा मुद्दा होता आणि तो अगदीच टाकाऊ नव्हता. काकांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि काहीच केलं नाही. चौतीस वर्षांच्या नोकरीत ही एक विद्या त्यांनी पक्की आत्मसात केली होती.

पहिल्या दिवशी अकरा जण आले. त्यांतले चार जण मांडी घालून, डोळे मिटून बसले. यथार्थदर्शन, दृष्टी बदलेल, मोकळं मन, एवढं वाचल्यावर कुठलाही सुज्ञ माणूस ध्यानधारणेचा वर्ग समजणार. काकांना वाटलं, मंडळी मन एकाग्र करतायत. त्यांनी खालच्या आवाजात सुरुवात केली, "क्षितिजाकडे पाहा. दोन समांतर रेषा दूर जातात. जाता जाता जवळ येतात. शेवटी एका बिंदूत लोप पावतात. त्याला म्हणायचं लोपबिंदू."

"वा," मिटल्या डोळ्यांनी कुणीतरी म्हणालं.

दहा मिनिटांनी खोकी काढायची वेळ आली तेव्हा खुलासा झाला आणि चारांतले तिघे बुटांचा आवाज न करता निघून गेले. चौथ्या होत्या रुग्णालयातून निवृत्त झालेल्या सिस्टर. त्या डोळे उघडून म्हणाल्या, "मला काही घाई नाही. खोकं तर खोकं."

मग काकांनी प्रात्यक्षिक दाखवायला पेन हातात घेतलं. लॅपटॉपचं चित्र भिंतीवर मोठं दिसेल अशी व्यवस्था सुनेनं करून दिली होती. काकांनी पाटीवर एक खोकं काढलं. रेघा अशा की पाहत राहावं: एकसारख्या जाडीच्या, न थरथरलेल्या, सरळसोट. प्रोग्रॅमनं त्या लांबवर वाढवल्या. त्या एकमेकींना जराही ओळख न देता भिंतीच्या पार टोकापर्यंत समांतर निघून गेल्या. भिंतीवर लाल आकडा उमटला: अडतीस.

"छान प्रयत्न," बाई म्हणाली. "पुन्हा करून पाहा."

काका खाकरले. "पेन नवीन आहे," ते म्हणाले, आणि पेन दातांच्या डॉक्टरांच्या हातात दिलं. डॉक्टरांना एकाहत्तर पडले. सिस्टरना चौसष्ट. शेवटच्या रांगेत कोपऱ्यावरच्या दुकानाच्या टेलरबाई बसल्या होत्या. त्या दुपारच्या वेळेत दुकान बंद ठेवून आल्या होत्या. त्यांनी एक डोळा किंचित बारीक केला, नऊ रेघा ओढल्या आणि पेन खाली ठेवलं. नव्वद.

"मशिनची काहीतरी गफलत आहे," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू पडल्या आहेत असं पाहून त्यांनी आतल्या खोलीत दार लोटून सराव सुरू केला. आवाज बंद करण्याचं बटण त्यांना सापडलं नाही, म्हणून त्यांनी लॅपटॉपवर उशी दाबली. तरीसुद्धा उशीखालून दर दोन मिनिटांनी दबलेला गोड आवाज येत राहिला. चौदाव्या 'छान प्रयत्न'नंतर काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

"कोण बाई आहे ती इतक्या समजुतीची?" त्यांनी विचारलं.

काकांनी उशी उचलली. पडद्यावर एक्केचाळीस होते.

काकूंनी चित्राकडे बराच वेळ पाहिलं. "अहो, तुमच्या रेघा मिळणारच नाहीत. जन्मभर नळ काढलेत तुम्ही. ते नळ एकमेकांना मिळाले असते तर गाव वाहून गेलं असतं."

हे खरं होतं आणि म्हणूनच फार झोंबलं. चौतीस वर्षं काकांनी सगळं जग वरून पाहिलं होतं. वरून पाहिलं की लांबचं आणि जवळचं सारखंच मोठं दिसतं, काही निमुळतं होत नाही, काही लोप पावत नाही. त्यांनी ठरवलं, आता आपण स्वतः काढायचं नाही. मागे उभं राहून सांगायचं. आठ दिवस ते तसेच मागे उभे राहून सांगत राहिले, आणि गंमत म्हणजे विद्यार्थी खरोखरच शिकले. काकांना सगळं तोंडपाठ होतं, समजावून सांगण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. फक्त हात तेवढा ऐकत नव्हता.

नवव्या दिवशी त्यांनी वर्ग रस्त्यावर नेला. समोरच्या फुटपाथवर, कोपऱ्याजवळ, आठ जण पांढरे बूट घालून रांगेत उभे राहिले आणि आपलीच इमारत काढू लागले. चार मजले, प्रत्येक मजल्यावर रस्त्याकडे तोंड केलेल्या तीन बाल्कन्या. तासाभरानं काकांनी कागद गोळा केले आणि लाल पेन्सिल काढली. आठही कागदांवर एकच चूक होती. दुसऱ्या मजल्याच्या कठड्यांची रेघ डावीकडून नीट येत होती, मधल्या बाल्कनीपाशी तुटत होती आणि पुढे पुन्हा लागत होती.

"तीन बाल्कन्या, एक रेघ," काका म्हणाले. "मध्ये खड्डा कसा पडेल? मी इथे तेवीस वर्षं राहतो. इमारत सरळ आहे." आणि त्यांनी आठही कागदांवर पट्टी लावून ती रेघ सरळ जोडून दिली.

"पण काका, दिसतंय तसं," सिस्टर म्हणाल्या.

"दिसण्यावर जायचं नसतं," काका म्हणाले. यथार्थदर्शनाच्या शिक्षकानं हे वाक्य म्हणावं ह्यातली विसंगती त्यांच्या लक्षात आली नाही. टेलरबाईंच्या मात्र आली.

वाद मिटवायला काकांनी प्रोग्रॅमचं सगळ्यात भारी कसब वापरायचं ठरवलं. त्यात खऱ्या जागेचा फोटो घातला की तो त्यातल्या सगळ्या रेघा स्वतः शोधून तपासायचा. फोटो काढला, हॉलमध्ये सगळे जमले, दारात सेक्रेटरीही येऊन उभे राहिले. भिंतीवर इमारत उमटली. हिरव्या रेघा मजल्यामजल्यावरून धावल्या आणि लांबवर एका बिंदूत सुरेख मिळाल्या. मग दुसऱ्या मजल्यावरची मधली बाल्कनी लाल झाली.

"ही रेघ बाकीच्या रेघांशी जुळत नाही," बाई गोड आवाजात म्हणाली.

ती बाल्कनी काकांची होती.

पुढचा आठवडा काकांच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट आठवडा होता. लोक येता-जाता वर पाहायचे. आजोबांनी सांगितलं की बाल्कनी खचली असणार, तिच्यात जाऊ नका. डॉक्टरांनी दाताचं उदाहरण दिलं: एक दात आत गेला की शेजारचे ढिले होतात. आणि सेक्रेटरींनी, इमारतीच्या सुरक्षिततेची काळजी वाटून, नगरपालिकेला पत्र लिहिलं की सदर सदनिकेच्या बाल्कनीत दोष आढळला असून तपासणी व्हावी. 'सदर सदनिका' ह्या शब्दांनी काका पेटले. पत्र जाण्याआधी त्यांनी त्याच्या खाली स्वतःचीही सही केली. "येऊ देत," ते काकूंना म्हणाले. "मोजू देत. ह्या घरातली एक फरशी अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे निघाली तर मिशा उतरवीन." काकांना मिशा नव्हत्या, पण ते इतके रागात होते की काकूंनी तो विषय काढला नाही.

इन्स्पेक्टर मॅडम चौथ्या दिवशी आल्या. उंच, सडसडीत, काखेत फाइल आणि हातात पोलादी टेप. त्या कुणाशी फारसं बोलल्या नाहीत. आधी काकांची बाल्कनी मोजली, मग फाइल उघडून इमारतीचा मूळ मंजूर नकाशा पाहिला, मग टेपचं टोक पुन्हा धरून मोजलं.

"चार फूट," त्या म्हणाल्या. "नकाशात चार फूट. ही बरोबर आहे."

काकांनी सेक्रेटरींकडे पाहिलं. आयुष्यात क्वचितच येते अशी ती घडी होती आणि काका ती चवीचवीनं उपभोगत होते. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "मग बाकीच्या बाहेर कशा?"

दुपारभर त्या एकेका घरात शिरत राहिल्या. सेक्रेटरींची बाल्कनी साडेपाच फूट. डॉक्टरांची साडेपाच. आजोबांची साडेपाच. अकराच्या अकरा बाल्कन्या दीड फूट रस्त्याकडे पुढे आलेल्या होत्या.

उलगडा झाला तो असा. चौदा वर्षांपूर्वी काका दोन वर्षं परगावच्या धरणाच्या कामावर होते आणि त्यांचं घर बंद होतं. त्या काळात सोसायटीनं सगळ्या बाल्कन्यांची 'दुरुस्ती' करून घेतली. काकांना संमतीचं पत्र गेलं होतं. काकांनी उलट टपाली एकोणीस शंका विचारल्या: कठड्याची जाडी किती, माप दोरीनं घेणार की टेपनं, उताराचा कोन काय, वगैरे. उत्तरं जमवता जमवता कंत्राटदार काम आटोपून गेला. एक बाल्कनी तशीच राहिली, आणि बाकीच्या वाढवल्या होत्या हे चौदा वर्षांत सगळे विसरूनही गेले. शेजाऱ्यांच्या बाल्कनीत कपड्यांच्या चार दोऱ्या आणि आपल्या बाल्कनीत तीन, ह्याचं श्रेय काका इतकी वर्षं शेजाऱ्यांच्या टापटिपीला देत आले होते.

"सगळ्या इमारतीत तुम्ही एकटे नियमानं राहिलात," मॅडम काकांना म्हणाल्या. "अशी माणसं कमी."

काकांनी नम्रपणे मान झुकवली. काकूंना एकोणीस शंकांचं पत्र चांगलं आठवत होतं, कारण ते त्यांनीच टपालात टाकलं होतं. त्या खाली बघत राहिल्या.

आता अकरा घरांना नोटिसा आल्या आणि काकांशी बोलणं बंद झालं. लिफ्टमध्ये काका शिरले की लोकांना जिना आठवायचा. ज्यांनी वर्गात रबरी बूट घालून मनापासून खोकी काढली, तेही नजर चुकवू लागले. सत्याचा विजय इतका एकाकी असतो हे काकांना कुणी सांगितलं नव्हतं. वर्गाला फक्त टेलरबाई येत, कारण त्या दुसऱ्या इमारतीत राहत.

पण नोटिशीतच सुटका होती. बांधकाम नियमित करून घेता येत होतं. त्यासाठी एक अर्ज होता आणि अर्जात चौदावा रकाना: 'इमारतीचे रस्त्यावरून दिसणारे यथार्थदर्शनी चित्र. अर्जदाराने स्वहस्ते काढलेले.' तो नमुना कधीकाळी, संगणक यायच्या आधी, कुणीतरी छापला होता. सेक्रेटरी संगणकावर काढलेलं देखणं चित्र घेऊन गेले, तर खिडकीवरच्या कारकुनानं ते परत केलं. "स्वहस्ते," तो म्हणाला. "ह्याला हात कुठाय?"

त्याच संध्याकाळी काकांच्या दाराची बेल वाजली. बाहेर सेक्रेटरी उभे होते, पायात पांढरे बूट.

"काका," ते म्हणाले, "वर्गात जागा आहे का एखादी?"

काकांनी शांतपणे चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

सोमवारी हॉलमध्ये तेवीस जण होते. काका कुणालाही टाकून बोलले नाहीत, त्यांनी कुणाला जुनी आठवण करून दिली नाही; ते मोठ्या मनाचे होते. फक्त सेक्रेटरींना त्यांनी पाया पक्का हवा म्हणून पहिल्या दिवशी चाळीस खोकी काढायला लावली. सेक्रेटरींना सव्वीस गुण पडले. "छान प्रयत्न," बाई म्हणाली, आणि काकांना पहिल्यांदाच त्या बाईचा स्वभाव आवडला.

सहा आठवड्यांत अकरा चित्रं तयार झाली. आजोबांनी आपल्या चित्रात कठड्यावर दोन फळं काढली होती, ती मॅडमनी चालवून घेतली. अकरा अर्ज मंजूर झाले, बोलणंचालणं पूर्ववत झालं, आणि काकांच्या नावानं एक लिफाफा आला.

इमारतीची दर्शनी रेषा आता साडेपाच फुटांवर मंजूर झाली होती. त्या मंजूर रेषेपासून आपली बाल्कनी दीड फूट मागे असून ती नियमबाह्य ठरते, असं त्यात नमूद होतं. एकतर ती पुढे आणावी, नाहीतर आहे तशी ठेवण्यासाठी अर्ज करावा. सोबत चौदावा रकाना. स्वहस्ते.

काकांनी पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. त्यांना खात्री होती की त्यांचं चित्र पाहून मॅडम हसणार. एवढा मोठा वर्ग, तेवीस विद्यार्थी, आणि शिक्षकाचं खोकं अडतीस गुणांचं. डॉक्टर म्हणाले, "काका, मी काढून देतो, तुम्ही सही करा." सेक्रेटरीसुद्धा तयार झाले. काका दोघांना नाही म्हणाले. खोटी सही त्यांनी चौतीस वर्षांत केली नव्हती आणि मॅडमनी त्यांना कमी आढळणाऱ्या माणसांत धरलं होतं. ते कौतुक निम्मं चुकून मिळालं होतं. म्हणूनच ते घालवणं त्यांना जड जात होतं.

दुसऱ्या दिवशी ते टेलरबाईंच्या दुकानात गेले. बाई मशिनवर होत्या. काका गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसले, उठले, कापडाच्या गठ्ठ्याची कड सरळ केली आणि पुन्हा बसले.

"काय झालं, काका?"

"मला येत नाही," काका म्हणाले. "शिकवता का?"

टेलरबाईंनी मशीन थांबवलं. त्यांनी आश्चर्य दाखवलं नाही, आणि काका पुढे आयुष्यभर ह्या एका गोष्टीसाठी त्यांचे ऋणी राहिले. त्यांनी पांढऱ्या दोऱ्याचं रीळ उचललं आणि दुकानाला कुलूप लावलं.

समोरच्या फुटपाथवर त्यांनी काकांना उभं केलं, हातभर दोरा तोडून दोन्ही हातांत ताणून धरायला लावला. "एक डोळा मिटा. आता हा दोरा दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावर धरा. बसतोय का?"

"दोरा आडवा आहे. कठडा तिरका दिसतोय."

"तुम्हाला ठाऊक आहे तो आडवा आहे. दिसतोय तिरका. दोरा तिरका करा त्याच्याबरोबर. हं. आता तसाच कागदावर उतरवा."

"पण माप..."

"काका, मी माप घेऊनच बेतते. पण कपडा अंगावर कसा पडतो ते उभं करून बघावंच लागतं. माप बरोबर असूनही खांद्यावर चोळामोळा होतो. मग मापाशी भांडत बसून काय उपयोग?"

काकांनी पाच दिवस त्या फुटपाथवर काढले. येणारेजाणारे सल्ले देत होते. काका एक डोळा मिटून दोरा धरत होते, तिरका करत होते, कागदावर उतरवत होते. तिसऱ्या दिवशी त्यांच्या रेघा पहिल्यांदा एकमेकींकडे झुकल्या. पाचव्या दिवशी त्यांनी आपल्या बाल्कनीपाशी रेघ तोडली, दीड फूट मागे नेली आणि पुढे पुन्हा जोडली. चौतीस वर्षांत त्यांच्या हातून निघालेली ती पहिली थरथरती रेघ, आणि ती अगदी जागच्या जागी बसली.

नगरपालिकेच्या तिसऱ्या मजल्यावर मॅडमनी चित्र खिडकीच्या उजेडात धरलं. बराच वेळ पाहिलं.

"ह्या सगळ्या अर्जांत हे सगळ्यात चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांनी इमारत काढलीय. ह्यात तिथं उभं राहिल्यासारखं वाटतं. तुम्ही कुठं शिकलात?"

काकांना तिथं खात्याचं नाव सांगता आलं असतं. चौतीस वर्षांचा अनुभव सांगता आला असता. मॅडमनी विश्वास ठेवला असता आणि त्या कचेरीत कुणाला संशय आला नसता.

"आमच्या कोपऱ्यावर टेलरबाई आहेत," काका म्हणाले. "त्यांनी शिकवलं. मागच्याच आठवड्यात."

"आणि वर्ग कोण घेतं? त्या सगळ्यांनी तुमचं नाव घेतलं होतं."

"वर्ग मी घेतो."

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं आणि अर्जाच्या खाली लिहिलं: 'मूळ मंजूर नकाशाप्रमाणे राहिलेला हा एकमेव भाग असल्यामुळे तो आहे तसाच ठेवावा. त्यात कधीही कोणताही बदल करू नये.' खाली सही, शिक्का.

काकांनी घरी येऊन काकूंना सगळं सांगितलं, टेलरबाईंचं नाव घेतलं तेसुद्धा. काकूंनी शेरा वाचला आणि कागद टेबलावर ठेवला.

"कधीही कोणताही बदल करू नये," त्या म्हणाल्या. "म्हणजे आता वाढवायची म्हटली तरी नाही."

"नाही."

"कायमची चार फूट."

"कायमची."

काकूंनी चहा केला आणि कप घेऊन त्या बाल्कनीत गेल्या. झाडांच्या कुंड्या आणि कपड्यांच्या दोऱ्या सोडून तिथं एकच खुर्ची मावत होती. तिच्यावर त्या आरामात बसल्या.

"तुम्ही उभे राहा," त्या म्हणाल्या. "तुम्हाला आता उभ्यानं बघायची सवय झालीय."

काका उंबरठ्यावर उभे राहिले, आणि चहा निवेपर्यंत दोघंही खालचा रस्ता बघत राहिले.